भिंत खाल्लेले भावोजी

डॉक्टरीणबाईंनी पुडिंगचं पाकीट सहज दाबलं, तर ते फुस्सकन चपटंच झालं. शेजारचं दाबलं. तेही फुस्स!

"भावोजी!"

यानचालक भावोजी, म्हणजे बाईंच्या थोरल्या बहिणीचे यजमान, खुर्चीत आणखी खाली सरकले. यान अजून जमिनीवरच होतं, एका मोठ्या हॉलमध्ये. दोघांनी त्यात वर्षभर कोंडून राहायचं, आणि चाचणी पार पडली तर बाई खरोखरच्या मंगळमोहिमेवर जाणार. लहानपणापासून त्यांना दुसरं काही सुचलंच नव्हतं. आता शेवटचा महिना उरला होता.

अवकाशात सूर्य कधी बिथरेल आणि घातक किरणांचा मारा करील, याचा नेम नाही. तेव्हा लपायला यानात एक कोनाडा होता. त्याची भिंत कसली? तर जेवणाच्या पाकिटांची! ओलं अन्न किरण अडवतं. पाकीट खाल्लं की त्यात सांडपाणी भरून परत जागी लावायचं, असा नियम. भावोजींनी पाणी भरायचा कंटाळा केला अन् नुसती फुंकर मारली.

"दिसायला भरलेलीच दिसतात की," भावोजी म्हणाले.

"सूर्य काय दिसण्यावर जातो? अहो, भिंत खाल्लीत तुम्ही, भिंत!"

"एकदम नाही हो खाल्ली. पुरवून पुरवून खाल्ली."

तेवढ्यात भोंगा वाजला. झालं! चाचणी घेणाऱ्या बाहेरच्या साहेबांनी नेमकं आजच खोटं सौरवादळ सोडलं होतं. हॉलच्या छताला टांगलेला यंत्रदिवा म्हणजे सूर्य, आणि तो आता पेटणार. बाईंनी पाण्याच्या पिशव्या रचल्या, ओले टॉवेल कोंबले, तरी मधोमध भलंमोठं भगदाड उरलंच. वर्षभराची मेहनत पाण्यात! बाईंना रडू कोसळायचंच बाकी होतं. त्यांनी भगदाडाकडे पाहिलं, मग भावोजींच्या पोटाकडे पाहिलं, आणि त्यांचा चेहरा उजळला.

"इथे उभे राहा."

"मी?"

"माणूस म्हणजे बहुतेक पाणीच. शिवाय पुडिंगं कुठे गेली नाहीत, आहेत तिथे सुखरूप आहेत. पोट आत घेऊ नका!"

भावोजी भगदाडात मापानं शिवल्यासारखे बसले. दिवा पेटला, विझला.

"डॉक्टर, तुमच्या खिशाचं किरणमापक हिरवं!" साहेबांचा आवाज आला. "शाब्बास! एवढा महिना काढा, की मंगळ तुमचाच."

बाईंनी आनंदानं टाळ्या पिटल्या.

"पाहिलंत? मेहुणीबाईंना मी वाचवलं!" भावोजींची छाती फुगली.

"हो, पण तुमचं मापक लालभडक आहे," साहेब म्हणाले. "आमच्या हिशेबी तुम्ही आजारी. महिनाभर डॉक्टर सांगतील तेच खायचं."

डॉक्टरीणबाईंनी सावकाश स्टेथोस्कोप गळ्यात अडकवला.

"जीभ दाखवा, भावोजी."