चीफ एवान्सिहा आणि उगबोकोचा पूल

चीफ एवान्सिहांची भाषणं मी लिहितो, आणि माझं भाषण फसणं शक्यच नाही! आठ वर्षं ते आमच्या राज्याचे गव्हर्नर होते, तेव्हाही मीच लिहायचो. मग ते सिनेटर झाले आणि दप्तर काखेत मारून मीही राजधानीत, अबुजाला आलो.

तिसऱ्याच आठवड्यात उगबोको बाजाराच्या पुढारीण, इतोहान मावशी, कार्यालयात थडकल्या.

"चीफ, नदीवरचा पूल पडून सहा वर्षं झाली! गारीच्या पिठाची पोती होडीतून न्यावी लागतात. परवा होडी उलटली, माझी सून मरता मरता वाचली!"

"सहा वर्षं?" चीफ कडाडले. "कोण तो नालायक, ज्यानं पूल बांधला नाही?"

मावशींनी शिळ्या माशाकडे बघावं तसं त्यांच्याकडे बघितलं आणि एक जुनं पत्र पुढे केलं. चीफनी ते तसंच माझ्याकडे भिरकावलं.

"भाषणाला जोड! छप्पर उडालं पाहिजे!"

"चीफ, आधी एकदा वाचता का?"

"मीच वाचायचं, तर तू कशाला आहेस?"

खरं होतं. पण टेबलावर माझं जेवण निवत होतं. मीही वाचलं नाही!

दुसऱ्या दिवशी चीफ सभागृहात असे गरजले की डुलक्या काढणारे तीन सिनेटर दचकून उठले. "ऐका, या निर्दयी माणसानं काय लिहिलंय! 'उगबोकोच्या लोकांना उत्तम पोहता येतं, सबब पुलाची निकड नाही.' अशा माणसाला लाज वाटली पाहिजे!"

"सही कुणाची आहे?" मागच्या बाकावरून कुणीतरी विचारलं.

चीफनी पान उलटलं. चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. सही तीच राहिली. त्यांचीच!

सभागृह हसून लोळायला लागलं. पण चीफ कसले डगमगतात! छातीवर हात ठेवून म्हणाले, "बघा! मी स्वतःचीसुद्धा गय करत नाही!" टाळ्यांचा कडकडाट झाला. तिथल्या तिथे चौकशी समिती नेमली गेली. अध्यक्ष चीफ, चिटणीस मी.

महिन्याभरानं समिती सहा गाड्यांतून पाहणीला निघाली आणि नदीशी थांबली. पुढे जाणार कशी? पूलच नव्हता! पलीकडच्या काठावर इतोहान मावशी आणि शंभरेक बाया हात उगारून काहीतरी ओरडत होत्या. पाण्याच्या आवाजात शब्द कळेना.

चीफनीही प्रेमानं हात हलवला. "किती जीव आहे रे माझ्यावर या लोकांचा! लिहून घे."

काय करणार? 'पलीकडच्या जनतेने समितीचे उत्स्फूर्त स्वागत केले, तक्रार एकही ऐकू आली नाही,' असं मी अहवालात लिहून टाकलं.