दिवसाला एक सवाष्ण

"तो लिहितोय," सारंग पडद्याच्या फटीतून बघत म्हणाला. "वहीत लिहितोय!"

"लिहू दे. किराण्याची यादी असेल," प्रांजली तिळगुळाच्या पुड्या बांधत म्हणाली.

"रोज चार वाजता? बरोब्बर तुझी पाहुणी आली की?"

हेंक समोरच्या घरात राहायचा. सत्तरीचा, निवृत्त, आणि नेदरलँड्समधल्या हूफडॉर्पच्या रीतीप्रमाणे खिडकीला पडदे न लावणारा. एरवी सारंगने त्याच्याकडे लक्षही दिलं नसतं. पण सारंगच्या स्वतःच्या रेसिडेन्स परमिटची मुदत फेब्रुवारीअखेर संपत होती आणि इमिग्रेशनचं पत्र काही येत नव्हतं. परमिट गेलं की नोकरी गेली, आणि त्याच्या परमिटवर राहणाऱ्या प्रांजलीसकट पुण्याचं विमान धरणं आलं.

त्यात प्रांजलीने संक्रांतीचं हळदीकुंकू काढलं. करोनामुळे घरात दिवसाला एकच पाहुणा, असा सरकारी नियम होता. ग्रुपवरच्या बाकीच्या बायकांनी झूमवर उरकलं, पण झूमवर कुंकू कसं लावायचं हे प्रांजलीला समजेना. तिने रथसप्तमीपर्यंतचं वेळापत्रक करून फ्रिजवर चिकटवलं. रोज चार वाजता एक सवाष्ण, पंधरा मिनिटं, मास्कसकट. सोमवारी शलाका, मंगळवारी योगिनी, बुधवारी सुमेधा.

"बाहेरून कसं दिसतं बघ जरा," सारंग म्हणाला. "रोज नवी बाई. पंधरा मिनिटांत बाहेर. जाताना हातात पांढऱ्या दाण्यांची पुडी. तो हलवा आहे हे त्याला कसं कळणार? या देशात?"

"मग काटेरी हलवा कशाला म्हणतात ते सांगून ये त्याला."

सारंग कसला सांगतोय! त्याने आधी पडदे लावले. मग शलाकाचा उखाणा दारातल्या पत्रं टाकायच्या फटीतून रस्त्यावर ऐकू जातो अशी त्याला शंका आली, म्हणून ती फट आतून-बाहेरून पॅकिंगच्या टेपने बंद केली. चारच दिवसांनी हेंक त्या फटीपाशी वाकलेला दिसला. क्षणभर थांबला, टेपवर बोट फिरवलं आणि मान हलवत परत गेला.

"कान लावायला आला होता! टेप होती म्हणून वाचलो," सारंगने निदान केलं. मन चिंती ते वैरी न चिंती म्हणतात, पण सारंगचं मन त्याही पुढे गेलं होतं.

दुसऱ्या दिवसापासून बायकांना मागच्या बोळातून यायचं फर्मान निघालं. फर्मानाच्या दहाव्या दिवशी योगिनी पैठणीवर रेनकोट चढवून, कचऱ्याच्या डब्यांमधून वाट काढत आली. बोळाच्या तोंडाशी हेंक कुत्र्याला घेऊन उभा होता. त्याने घड्याळ पाहिलं आणि खिशातून वही काढली. संध्याकाळी सुपरमार्केटपाशी त्याने सारंगला बघून हात वर केला, तेव्हा सारंगने तिथल्या तिथे सायकल वळवली आणि दुधाशिवाय घरी आला.

त्या रात्री त्याने फ्रिजवरचं वेळापत्रक काढून टाकलं.

"उद्यापासून कोणी येणार नाही. सगळ्यांना मेसेज टाकलाय."

"मला न विचारता?" प्रांजलीचा आवाज एकदम चिरकला. "अकरा महिने झाले, तुझ्याशिवाय जिवंत माणूस बघितला नव्हता मी! एक पंधरा मिनिटं होती माझी दिवसातली, तीही तुला खुपली?"

सारंगला फार वाईट वाटलं. पण परमिट ते परमिट.

दुसऱ्या दिवशी चार वाजता घरात चिडीचूप होतं. चार वाजून दहा मिनिटांनी बेल वाजली.

"हेंक आहे!" सारंग कुजबुजला. "हातात सरकारी पाकीट. उघडू नकोस!"

प्रांजलीने रागारागातच दार उघडलं. हेंकने पाकीट पायपुसण्यावर ठेवलं, मोजून दीड मीटर मागे सरकला आणि डचमध्ये बराच वेळ बोलत राहिला.

"काय म्हणतोय?" सारंगने दारामागून विचारलं. डच शिकली होती ती प्रांजली; त्याला त्यातलं 'इमिग्रेशन' एवढंच कळलं होतं.

"पोस्टमनला आपली फट बंद दिसली, म्हणून त्याने तुझं पत्र यांच्याकडे दिलं. बारा दिवसांपूर्वी! हे टाकायला आले तर टेप."

"मग बेल का नाही वाजवली?"

"रोज चार वाजता आपला पाहुणा होऊन जायचा. आणखी एक माणूस आला तर आपल्याकडून नियम मोडला जाईल, आणि तुझं तर परमिटचं काम चाललंय. म्हणून मोकळा दिवस शोधत होते. रोज वहीत लिहून! आज कोणी आलं नाही, म्हणून आले."

सारंगने तिथेच पाकीट फोडलं. परमिट वाढवून मिळालं होतं. कार्ड न्यायला बोलावलं होतं.

"त्यांना आत बोलाव," तो ओशाळून म्हणाला.

हेंकने जोरात मान हलवली. तो आत आला तर आजचा पाहुणा संपला असता, आणि त्याची बायको ग्रीट तीन आठवडे खिडकीतून साड्या बघत होती; तिच्यासाठी मोकळा दिवस सापडावा म्हणूनच तर पत्राच्याही आधीपासून वही चालू होती. तिलाच पाठवलं तर चालेल का?

पाच मिनिटांत ग्रीट आली, मोत्यांची माळ घालून. प्रांजलीने तिला कुंकू लावलं, वाण दिलं आणि समजावलं, "आता नवऱ्याचं नाव घ्यायचं. मोठ्याने."

"हेंऽऽक!" ग्रीटने खणखणीत नाव घेतलं.

सारंगने नेमकी तेव्हाच फटीवरची टेप काढली होती. हाक थेट समोर पोचली. हेंक सपाता फटफटवत रस्ता ओलांडून धावत आला आणि उंबऱ्याशी येऊन थबकला.

"काय झालं ते तिथूनच सांगा," तो धापा टाकत म्हणाला. "मला आत येता येणार नाही. आजचा पाहुणा झालाय."