सर्दीचं दार, गर्दीचं दार

यंदा फ्लू आलाच तर फाटकातूनच माफी मागून परत जाईल, असं बंदोबस्तरावांनी भर बैठकीत सांगून टाकलं.

ते दवाखान्याचे व्यवस्थापक. कुठलंही काम निघालं की "मी बंदोबस्त करतो" म्हणायची सवय, म्हणून हे नाव पडलेलं. एरवी फ्लूच्या हंगामाची तयारी त्यांची बायको करायची. ती तिथलीच मुख्य परिचारिका, सगळ्यांच्या मोठ्या सिस्टर. तिची तयारी इतकी गुपचूप व्हायची की ती झाल्याचं कुणाला कळायचंच नाही. बंदोबस्तरावांना नेमकं हेच खटकत होतं. तयारी कशी, दिसली पाहिजे! म्हणून यंदा ते काम त्यांनी हट्टाने अंगावर घेतलं.

योजना साधी होती. सर्दी-खोकलावाल्यांना बाजूचं दार, बाकीच्यांना मोठं दार. मोठ्या दारातून जिना थेट वर बाळंतिणींकडे जायचा, आणि तिथेच त्यांची मुलगी दाखल होती. त्यामुळे नियमही त्यांनी कडक केला. ज्याला साधी शिंक येते त्याने जिन्यावर पाऊल ठेवायचं नाही. "मग तो कुणीही असो," असं ते टेबलावर बोट आपटून म्हणाले होते.

त्याच संध्याकाळी बंदोबस्तरावांचं नाक गळायला लागलं.

दुसऱ्या दिवशी मुलीला मुलगी झाली. पहिलीच नात! तिला मांडीवर घ्यायला हात नुसते शिवशिवत होते. पण नाक काही ऐकेना. त्यांनी बायकोला सांगितलं की जुन्या फायलींची धूळ आहे, आणि कामं आटोपून उद्या निवांत वर येतो. उद्यापर्यंत वाफ घेऊन नाकाची समजूत काढता येईल असा त्यांचा हिशेब होता.

पाट्यांचं तेवढं राहिलं होतं. त्यांनी पेंटरला फोन लावला आणि मजकूर सांगितला. बाजूच्या दारावर 'सर्दी असलेल्यांनी या दाराने यावे' आणि मोठ्या दारावर 'येथे गर्दी करू नये'. पेंटरने सगळं वाचून दाखवलं. पण सर्दीने बंदोबस्तरावांच्या कानांना दडे बसलेले. त्यांना नुसती गुणगुण ऐकू आली. बायको समोरच उभी होती. "काय म्हणालात?" असं विचारावं तर कानांचं बिंग फुटणार आणि कानांमागून नाकाचंही.

"अगदी बरोबर. सकाळी लावून टाका," ते रुबाबात म्हणाले.

सकाळी पाट्या लागल्या. मोठ्या दारावर 'येथे सर्दी करू नये'. बाजूच्या दारावर 'गर्दी असलेल्यांनी या दाराने यावे'.

एखाद्याने डोकं चालवलं असतं तर सगळं तिथेच निभावलं असतं. पण वॉचमनला बंदोबस्तरावांनीच तंबी दिली होती की पाटीवर असेल तसंच करायचं, डोकं चालवायचं नाही. वॉचमनला ही पद्धत फार आवडली होती. कुणी एकटा खोकत आला की तो मोठ्या दारात अडवायचा आणि आत सर्दी करणार नाही ना, असं विचारायचा. माणूस बिचारा मान हलवायचा, श्वास कोंडून, गाल फुगवून आत शिरायचा आणि जिन्याच्या पायथ्याशी जाऊन बसायचा. उलट, पाय मोडलेल्या एका गृहस्थांबरोबर आई, मावशी आणि दोन भाऊ होते. ती गर्दी ठरली. त्यांना बाजूच्या दाराने पाठवलं, तिथे डॉक्टरांनी पाचही जणांचे घसे तपासले. मोडलेल्या पायाला हात लागेपर्यंत गृहस्थ आ करून करून दमले.

बंदोबस्तराव तेव्हा खोलीत डोक्यावर टॉवेल घेऊन वाफ घेत होते. सफाईवाल्या मावशींनी दार ठोठावून ही हकिकत सांगितली. ते तसेच टॉवेलसकट धावले, बाहेर जाऊन मोठ्या दारासमोर उभे राहिले आणि पाटी वाचली. ओरडायला म्हणून त्यांनी छाती भरून श्वास घेतला.

आणि शिंकले. दाराची काच थरथरली.

वॉचमन आडवा आला. "साहेब, इथे सर्दी करता येत नाही."

ते बाजूच्या दाराकडे वळले. वॉचमन तिथेही त्यांच्याआधी पोचला. "साहेब, इथनं नाही सोडता येणार. तुम्ही एकटेच आहात."

अंगणातले लोक तोंडावर हात धरून हसत होते. आपल्याच दवाखान्यात शिरायला आपल्याला एकही दार उरलेलं नाही, हे बंदोबस्तरावांच्या हळूहळू ध्यानात आलं. एवढा पक्का बंदोबस्त त्यांनी जन्मात केला नव्हता.

तेवढ्यात बायको खाली आली. तिने दोन्ही पाट्या वाचल्या, मग नवऱ्याचं लाल नाक पाहिलं.

"अहो, खरं सांगा. कधीपासून?"

"नियम केला त्या संध्याकाळपासून."

तिने खिशातून जखमेवर लावायची पांढरी चिकटपट्टी काढली, दोन्ही पाट्यांवरचं चुकीचं अक्षर झाकलं आणि वर पेनाने बरोबर अक्षर काढलं. जिन्याजवळच्या खोकणाऱ्यांना बाजूच्या दाराकडे हलवलं, मावशींकडून पायऱ्या पुसून घेतल्या. सगळं कसं गुपचूप झालं.

"मी लांबूनच पाहीन," बंदोबस्तराव अजिजीने म्हणाले. "दारातूनच."

"मग तो कुणीही असो," ती शांतपणे म्हणाली आणि वर गेली.

म्हणून दुपारी ते अंगणात, वरच्या खिडकीखाली मान वर करून उभे होते. घरची सगळी माणसं बाळाला बघून गेली होती. एकटे तेच राहिले होते, आणि त्याचं त्यांना फार वाईट वाटत होतं. खिडकीच्या बंद काचेमागे बायको आली. तिच्या हातात एवढंसं गाठोडं होतं. तिने ते जरा कलतं धरलं आणि फोन लावला. बंदोबस्तरावांनी घाईघाईने फोन कानाला लावला. कान नेमके तेवढ्यापुरते मोकळे झाले.

"अहो, नाक अगदी तुमच्यावर गेलंय हो."

बंदोबस्तरावांचा हात आपल्या नाकाकडे गेला.

"म्हणजे गळतंय?"