टाचणीसाहेबांचा जुना चष्मा

"अहो, उठा! तुम्ही कशावर बसलाय?"

बायको ओरडली तेव्हा साहेब नुकतेच पलंगाच्या कडेला टेकले होते आणि मोजे चढवत होते. खालून कडकड असा आवाज आलेला त्यांनीही ऐकला होता, पण त्यांना तो आपल्या गुडघ्याचा वाटला. उठून पाहिलं तर चष्म्याचे तीन तुकडे झाले होते. काच एकही शाबूत नव्हती.

चष्मेवाल्याने फोनवर चार दिवस सांगितले. बायकोने कपाटाच्या तळातून दहा वर्षांपूर्वीचा चष्मा काढून दिला. साहेबांनी तो डोळ्यांवर चढवला आणि सगळं जग दुधात बुडवून काढल्यासारखं दिसायला लागलं. बायकोच्या चेहऱ्याच्या जागी एक गोरा, प्रेमळ ढग तरंगत होता.

"दिसतंय का?"

"छान दिसतंय," साहेब म्हणाले. बायको लाजली. कितीतरी वर्षांनी ते असं काही बोलले होते.

साहेब उशा आणि गाद्यांच्या कारखान्यात सुपरवायझर होते. समोर त्यांना सगळे साहेब म्हणत, पाठ वळली की टाचणीसाहेब. शिवण वाकडी दिसली, कोपरा सैल लागला की ते चिठ्ठीवर चूक लिहीत आणि ती टाचणीने त्या उशीला टोचून पुढे जात. बोलत नसत. नऊ वर्षांत त्यांनी किती चिठ्ठ्या टोचल्या याला गणती नव्हती. गेल्या महिन्यात मात्र एकापाठोपाठ एक तीन माणसं काम सोडून गेली आणि मालकीणबाईंनी त्यांना केबिनमध्ये बोलावलं.

"माणसं कामाला कंटाळून जात नाहीत, साहेब. माणसाला कंटाळून जातात. आता चौथं कुणी गेलं तर तुमची बदली गोदामात. तिथे फक्त गाद्या आहेत, त्या काही बोलत नाहीत."

मग त्यांनी साहेबांना दोन दिवसांच्या प्रशिक्षणाला धाडलं होतं. तिथल्या बाईंनी शिकवलं, आधी विचारा, मग सांगा. रोज एकाचं तरी मनापासून कौतुक करा. समोरचा बोलत असताना घड्याळाकडे बघू नका. साहेबांनी सगळं वहीत बारीक अक्षरात उतरवून घेतलं होतं. आज पहिला दिवस, आणि वहीत त्यांना मुंग्यांची रांग दिसत होती.

चष्मा फुटल्याचं सांगायचं नाही, हे त्यांनी वाटेतच ठरवलं. सुपरवायझरला दिसत नाही म्हटल्यावर खाली उरतं काय?

शिलाई आणि कापसाची भरणी एकाच लांबलचक हॉलमध्ये चाले. हवेत कापसाचे तंतू तरंगत, उंच खिडकीतून उजेड तिरपा येई. जुन्या चष्म्यातून हॉल इतका मऊ दिसत होता, की साहेब दारातच क्षणभर थबकले. चूक कुठेच दिसत नव्हती. मग त्यांनी कौतुकाला सुरुवात केली. पांढऱ्या एप्रनमधल्या पहिल्या आकृतीजवळ जाऊन ते म्हणाले, "आक्का, तुमच्या हातासारखा हात अख्ख्या कारखान्यात नाही."

ती आकृती होती कापूस भरणाऱ्या काकांची. चौदा वर्षांत काकांना कुणी बरं म्हटलं नव्हतं. आक्का म्हटल्याचं त्यांनी मनावरच घेतलं नाही. हातातला कापूस तसाच धरून ते पाच मिनिटं उभे राहिले, आणि मग दुप्पट वेगाने उशा भरायला लागले.

खऱ्या आक्का दुपारी आल्या. शिलाईच्या मशीनवरच्या सगळ्यांत जुन्या आणि सगळ्यांत चोख कामगार. त्यांनी घडी घातलेला कागद साहेबांच्या हातात ठेवला.

"साहेब, आता माझ्याच्यानं असं चालवून घेणं होणार नाही. काय ते बघा."

साहेबांनी कागद उघडला. मुंग्या. राजीनामाच असणार. चौथं माणूस, आणि तेही आक्का!

"आक्का, यावर आपण बसून बोलू."

"त्यात बोलायचं काय? सही करा नि पाठवा वर."

"सही मी करणार नाही!"

"अहो, मग मी काय हात बांधून बसू?"

"बसा. हवं तर बसा, पण इथेच बसा." साहेबांना प्रशिक्षणाची वही आठवली. आधी विचारा, मग सांगा. "तुम्हाला इथे काय कमी पडतं, आक्का?"

आक्कांनी आश्चर्याने त्यांच्याकडे पाहिलं. नऊ वर्षांत हा प्रश्न आला नव्हता. "उजेड," त्या म्हणाल्या. "आणि पाठ दुखते."

हॉलमध्ये खिडकीपाशी एकच टेबल होतं, साहेबांचं. पाठीला आधार देणारी खुर्चीही एकच होती, तीही साहेबांची. अर्ध्या तासात आक्कांचं मशीन खिडकीशी लागलं, खुर्ची त्यामागे सरकली, आणि शेजारी साहेबांचा पंखा.

"आक्का," साहेब हळूच म्हणाले, "तुमच्या टाक्याला मी इतकी वर्षं नावं ठेवली. पण माझ्या घरची उशी तुम्ही शिवलेली आहे. ती मी कुणाला हात लावू देत नाही."

आक्कांनी पदराने डोळे टिपले. "अहो, पण त्या सहीचं?"

"ते उद्या बघू."

कागद दिला की खिडकी, खुर्ची आणि पंखा मिळतो, ही बातमी संध्याकाळपर्यंत अख्ख्या हॉलभर झाली. दुसऱ्या दिवशी सकाळी साहेब आले तर काका वाट पाहत उभे.

"साहेब, बरेच दिवस मनात होतं. आज लिहूनच टाकलं." कागद.

मागोमाग लेबलं लावणाऱ्या बाई. "घरच्यांना विचारलं. ते म्हणाले, देऊन टाक, बघू काय होतं ते." कागद.

साहेबांनी एकालाही जाऊ दिलं नाही. प्रत्येकाजवळ स्टूल ओढून बसले. विचारलं. ऐकलं. घड्याळाकडे बघितलं नाही, कारण बघून उपयोगच नव्हता. लेबलवाल्या बाईंच्या आईचा गुडघा त्यांना कळला. काकांचा मुलगा दूर नोकरीला गेल्यापासून काका घरी जेवताना रेडिओशी बोलतात, हेही कळलं. समोरचा ढग बोलत होता आणि साहेब त्याच्याकडे टक लावून पाहत होते. इतकं टक लावून आपल्याकडे कुणी पाहिल्याचं त्या माणसांना आठवत नव्हतं. साहेबांना खरं तर नाक कुठे संपतं आणि मिशी कुठे सुरू होते, एवढंच शोधायचं असे. पण ऐकता ऐकता ते शोधायचंही विसरले.

दुपारपर्यंत कागद बारा झाले. म्हणजे झाडून सगळे चालले!

तिकडे आक्का खुर्चीत रेलून, खरोखरच हात बांधून, खिडकीबाहेर पाहत बसल्या होत्या. त्यांच्या हाताखालच्या दोघीही थांबल्या होत्या. काका मात्र कौतुकाच्या भरात भरतच होते. भरलेल्या उशांची तोंडं शिवायला कुणी नाही, आणि साहेबांचा पंखा पूर्ण वेगात त्या ढिगाऱ्यावर. उशांमधून कापूस निघाला. आधी पुंजके, मग लोट. बघता बघता हॉलमध्ये ढग उतरले. छत दिसेना, माणसं कमरेपर्यंत दिसायची आणि वर विरघळून जायची. कुणी पंखा बंद केला नाही. सगळ्यांच्या केसांवर, भुवयांवर पांढरं साचत होतं आणि सगळे एकमेकांकडे बघून हळूहळू हसत होते. लेबलवाल्या बाईंनी हात वर करून एक पुंजका झेलला आणि पुन्हा सोडून दिला. साहेबांनी डोळ्यांवरचा चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. फरक पडला नाही. किती सुंदर आहे हे, त्यांना वाटलं, आणि आता हे सगळं सोडून जायचं.

ते कोपऱ्यात गेले. एका कोऱ्या कागदावर त्यांनी अंदाजाने आपला राजीनामा लिहिला, आणि तेरा कागद घेऊन मालकीणबाईंच्या केबिनमध्ये शिरले.

"साहेब, तुमच्या डोक्यावर काय आहे? आणि हॉलमधून धूर कसला येतोय?"

"कापूस आहे. बाई, बाराही जण चाललेत. दोष माझा आहे. त्यांना जाऊ देऊ नका, मला जाऊ द्या. काकांना घरी बोलायला कुणी नाही, त्यांच्याशी रोज दोन शब्द बोलत जा. लेबलवाल्या बाईंना आईला दवाखान्यात न्यायला दर बुधवारी तासभर लवकर सोडा. आणि आक्कांची खुर्ची परत घेऊ नका."

मालकीणबाईंनी पहिला कागद उघडला आणि मोठ्याने वाचला.

"पांढरा दोरा, चांगल्या प्रतीचा, बारा रिळं. आत्ताचा दोरा दर चार टाक्यांनी तुटतो. मशीनच्या सुया, दोन पाकिटं. आक्का." त्यांनी वर पाहिलं. "यावर फक्त सही हवी होती."

साहेब खाली बसले. खुर्ची होती तिथे, सुदैवाने.

"लेबलवाल्या बाईंना खिडकी हवीय. शिलाईवाल्यांना पंखा. यांना खुर्ची. यांनाही खुर्ची." मालकीणबाई एकेक कागद बाजूला ठेवत गेल्या. एका कागदापाशी थांबल्या. "काकांचं ऐका. 'मला खुर्ची नको, खिडकी पण नको. साहेबांनी परवासारखं पुन्हा एकदा बोलावं. आक्का म्हणाले तरी चालेल.' परवा कसं? प्रशिक्षणावरून तुम्ही कालच तर आलात ना?"

"काल," साहेब कसेबसे म्हणाले. "त्यांना दिवस मोठा गेला असेल."

"म्हणजे जाणार कुणीच नाही." त्या हसल्या नाहीत, पण आवाजात काहीतरी सैल झालं. "मग हे बारा कागद तुम्ही वाचलेत तरी का?"

साहेबांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला आणि मोजे चढवण्यापासून सगळं सांगितलं. मालकीणबाईंनी मधे एकदाही तोडलं नाही. दाराच्या फटीतून कापसाचा एक पुंजका आत आला आणि टेबलावर अलगद टेकला.

"आणि हा तेरावा?"

"तो माझा राजीनामा आहे."

मालकीणबाईंनी कागद सरळ धरला, उलटा धरला, उजेडाकडे नेला. ओळीवर ओळ चढली होती, अर्धी अक्षरं कागदाबाहेर गेली होती.

"यातलं काही म्हणजे काही लागत नाही, साहेब. वरती 'राजी' एवढंच वाचता येतंय." त्यांनी कागदाची नीट घडी घातली आणि खणात ठेवली. "तुम्ही राजी असाल, तर माझीही काही हरकत नाही. चला, आधी त्या पंख्याकडे बघा."