नामांकन, गल्ला आणि सासऱ्यांची डुलकी

पुरस्काराच्या यादीत नाव लागलेला कुठला चित्रपट गल्ला भरेल आणि कुठला आमच्या बुकिंग क्लार्कला खिडकीत बसून स्वेटर विणायला लावेल, हे मी पोस्टरचा गोंद वाळायच्या आत सांगू शकतो! फुशारकी मारत नाहीये. एकपडदा टॉकीजचा मॅनेजर म्हणून उभं आयुष्य घालवलंय मी. केस काय प्रोजेक्टरच्या उजेडात पांढरे झाले?

लोकांचं काय, लोक ठोकून देतात. कोणी म्हणतं, नामांकन मिळालं की चित्रपट आपटलाच समजा. कोणी म्हणतं, नामांकन मिळालं की पडत्या चित्रपटालाही पाय फुटतात. दोघेही उंटावरचे शहाणे! गेल्या कित्येक वर्षांतले नामांकित चित्रपट मला तोंडपाठ आहेत, त्यांच्या गल्ल्यासकट. एका वर्षी तो दीपगृहाचा चित्रपट आला होता. त्यात एक माणूस दिवा लावतो, विझवतो आणि पुन्हा लावतो. तो बघून समीक्षक रडले, परीक्षक रडले आणि तिसऱ्या दिवशी आमचे मालकही रडले! त्याच वर्षी सर्कशीतून पळालेल्या हत्तिणीचा चित्रपट होता. त्याला पुरस्कार मिळाला नाही, पण आमच्या खिडकीची काच दोनदा बदलावी लागली. त्याच्या पुढच्या वर्षी...

असो. हा विषय मी घरात काढला की बायकोला गॅसवर ठेवलेलं काहीतरी आठवतं. शेजारी जांभई देत देत उठतात. जड विषय सगळ्यांना झेपत नाही, दुसरं काय! एकटे माझे सासरे मात्र शेवटपर्यंत बसून ऐकतात. डोळे मिटून, मान खाली घालून, अगदी तल्लीन होऊन.

आणि माझा शोधही या सासऱ्यांवरच उभा होता.

सासरे एका गोदामाचे रखवालदार होते. सगळी नोकरी रात्रपाळीची. पण ड्युटीवर कधी पापणी लवली नाही, असं ते अजूनही छाती फुगवून सांगतात. निवृत्त झाल्यावर मात्र ती सगळी थकलेली झोप व्याजासकट वसूल करायला त्यांनी सुरुवात केली. जावयाचं टॉकीज म्हणून ते प्रत्येक चित्रपटाला फुकट येऊन बसायचे. दीपगृहाला ते जाहिराती चालू असतानाच घोरायला लागले, आणि चित्रपट आपटला! हत्तिणीला टक्क जागे होते, आणि चित्रपट धो धो चालला! मग मी लक्षच ठेवलं. वर्षानुवर्षं एकदाही चूक नाही. सासरे झोपले की गल्ला झोपला, सासरे जागले की गल्ला जागला!

"अगं, तुझे बाबा म्हणजे चालताबोलता तराजू आहेत!" मी बायकोला म्हटलं.

"त्या तराजूला आधी जेवायला उठवा," ती म्हणाली.

तर अशात मालकांनी मला ऑफिसात बोलावलं. शेजारी त्यांचा भाचा बसला होता, हातात टेप घेऊन. त्याला सगळे भाचेसाहेब म्हणतात. माझ्याशी बोलता बोलता तो भिंत मोजत होता.

"मॅनेजर," मालक म्हणाले, "हा इथे फर्निचरचं दुकान टाकू म्हणतोय. या वर्षीच्या नामांकनातला एक चित्रपट लावू. तो चालला तर टॉकीज राहील. नाही चालला तर पडदा उतरवायचा."

"आणि माणसं?" मी विचारलं.

"माणसं पडद्याबरोबरच," भाचेसाहेब म्हणाले आणि टेप खटकन मिटली.

बुकिंग क्लार्क, ऑपरेटर, डोअरकीपर, सगळ्यांच्या चुली या एका पडद्यामागे पेटत होत्या. माझी तर त्यात पहिली! पण मी कॉलर ताठ केली. "मालक, चित्रपट मी निवडतो. निर्धास्त राहा. माझ्याकडे यंत्र आहे!"

वितरकाकडे दोन नामांकित चित्रपट शिल्लक होते. एक, लिफ्टमध्ये अडकलेल्या वऱ्हाडाचा धमाल चित्रपट. दुसरा, हरवलेली छत्री तीन तास शोधणाऱ्या माणसाचा. शेवटी पाऊसच थांबतो. कुठलंही शेंबडं पोरसुद्धा म्हणेल, लिफ्ट लावा! पण मी शास्त्राने चालणारा माणूस. वितरकाला सांगून दोन्ही चित्रपटांचे सकाळचे खास खेळ ठेवले, आणि प्रेक्षक एकच, सासरे!

पहिल्या सकाळी लिफ्ट. रिकाम्या टॉकीजमध्ये सासरे त्यांच्या नेहमीच्या जागी गेले. स्टॉलची शेवटची रांग, खांबाला लागून कोपरा, वर पंखा. चित्रपटाचं नाव पडद्यावर यायच्या आत खांबाला डोकं टेकलं आणि घोरणं सुरू! मी स्वतः इतका हसलो की कुशी दुखायला लागल्या. पण माझं काय घेऊन बसलात? यंत्र झोपलं होतं! लिफ्टवर फुली!

दुसऱ्या सकाळी छत्री. या खेळाला मालक आणि भाचेसाहेब जातीने आले होते. मालकांसमोर सासऱ्यांना स्टॉलमध्ये कसं बसवायचं? मी त्यांना हाताला धरून बाल्कनीत नेलं आणि पाहुण्यांच्या मानाच्या खुर्चीत बसवलं. लाल मखमल, रुंद हात, थाट विचारू नका! कित्येक वर्षांत त्या खुर्चीत कोणी बसलेलंच नव्हतं.

"जावईबापू, मी आपला खालीच..."

"छे, छे, बाबा! आज तुमचा मान मोठा आहे!"

आणि काय सांगू तुम्हाला! छत्री हरवली तशी सासरे ताठ झाले. डोळे बटाट्याएवढे! मी मालकांना कोपरखळी मारली. माणूस बसस्टॉपवर छत्री शोधतो तेव्हा सासरे अर्धवट उठून उभे राहिले. "बघा, उभं राहून दाद!" मी कुजबुजलो. मध्यंतराच्या जरा आधी ते "आई गं!" असं कळवळले. माझ्या अंगावर काटा आला. शेवटी पाऊस थांबला तेव्हा सासऱ्यांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी!

"मालक," मी म्हटलं, "असं मी हत्तिणीलासुद्धा पाहिलं नव्हतं! चार आठवड्यांचा करार करा. आणि मधे उतरवायचा नाही अशी अटसुद्धा मान्य करून टाका, वितरक खूश होईल!"

भाचेसाहेब जांभई देत होते. त्यांना काय कळतंय त्यातलं!

लिफ्ट चौकापलीकडच्या टॉकीजने उचलली. मला त्यांची कीव आली. खरंच सांगतो, मी त्यांच्या मॅनेजरला फोन करून धीरसुद्धा दिला.

मग तयारी! हाउसफुलची पाटी नव्याने रंगवून घेतली. शेजारच्या हॉलमधून जादा खुर्च्या आणल्या. गर्दी आवरायला अंगणात दोरखंड बांधले, डोअरकीपरला शिट्टी दिली. "दाबून वाजव," मी म्हटलं, "लोक अंगावर येतील!"

आणि लोक आले हो! शुक्रवारी दुपारी मी बाहेर पाहिलं, तर अंगणात ही रांग! दोराच्या आत शिस्तीत, फाटकाबाहेर, पार चौकाकडे वळलेली! पोरंबाळं, आज्या, तरुण मंडळी! तेवढ्यात मालकांची गाडी आली. रांग बघून ते गाडीतून उतरले आणि त्यांनी मला भर अंगणात मिठी मारली.

"मॅनेजर! वाचवलंत!"

"मी म्हटलं नव्हतं?" मी भाचेसाहेबांकडे बघून म्हणालो. त्यांनी टेप खिशात घातली.

मी रुबाबात पुढे झालो आणि दार सताड उघडलं. "चला, चला! सावकाश! सगळ्यांना जागा आहे!"

कोणी हललं नाही. सगळ्यात जवळच्या बाई म्हणाल्या, "दादा, जरा बाजूला होता का? रांग पुढे सरकली का ते दिसत नाही."

"अहो, दार इथे आहे!"

"इथे कशाला? आम्हाला लिफ्ट बघायचाय."

त्या चौकापलीकडच्या टॉकीजची रांग होती ती! तिकडचा फुटपाथ भरून, चौकाला वळसा घालून, तिची शेपटी आमच्या अंगणात घुसली होती. आमच्याच दोराला धरून लोक उभे होते! आणि डोअरकीपर दाबून शिट्टी वाजवत त्यांना रांगेत ठेवत होता, बिचारा! पाहता पाहता रांग पुढे सरकली, फाटकातून बाहेर पडली आणि अंगणात फक्त दोर राहिले. मालकांनी माझ्या खांद्यावरचा हात काढून घेतला.

"थांबा! आत माणसं असतील!" मी म्हणालो आणि पळतच टॉकीजमध्ये शिरलो. मागून मालक, मालकांमागून भाचेसाहेब.

आत एक जोडपं होतं, आम्हाला बघताच त्यांनी हात सोडले. बाकी शुकशुकाट. आणि कोपऱ्यातून एक ओळखीचा आवाज येत होता. घुर्रर्र...

"बाबा!" मी त्यांना गदागदा हलवलं. "बाबा, तुम्ही झोपलात? हाच चित्रपट तुम्ही टक्क जागून पाहिलात! रडलात!"

"कुठला चित्रपट?" सासरे डोळे चोळत म्हणाले. "जावईबापू, त्या मखमलीखाली स्प्रिंग तुटलीय हो. अशी टोचत होती की बसताही येईना आणि उठताही येईना. मालक शेजारी, बोलायचं कसं? डोळ्यांतून पाणी आलं माझ्या!"

"आणि... हत्तिणीला जागे होतात ते?"

"जागा राहीन नाही तर काय करीन? गर्दी असली की ही पंख्याखालची खुर्ची मिळते कुठे? पुढे बसावं लागतं, मागून लोकांचे गुडघे, शेजारी रडकी पोरं. टॉकीज रिकामं असलं की कसं छान!"

माझ्या डोक्यात प्रकाश पडला, पण मध्यंतरासारखा, सगळं थांबल्यावर. म्हणजे सासरे झोपायचे म्हणून चित्रपट पडत नव्हते. चित्रपट पडायचे म्हणून सासऱ्यांना जागा मिळायची आणि ते झोपायचे! सकाळच्या रिकाम्या खेळाला तर कुठलाही चित्रपट त्यांनी झोपूनच पाहिला असता. इतकी वर्षं मी शेपटी धरून हत्तीण हाकत होतो.

"हेच का ते यंत्र?" मागून मालकांनी विचारलं.

मी जाऊन हाउसफुलची नवी रंगवलेली पाटी भिंतीकडे तोंड करून ठेवली.

चार आठवडे ती छत्री आम्ही सोसली. करारच तसा होता! मी तो विषय घरी काढला नाही आणि बायकोनेही, चांगली म्हणून, काढला नाही. पुढे त्या चित्रपटाला पुरस्कार मिळाला, एकमताने. आम्ही तेव्हा पडदा उतरवून गुंडाळत होतो.

बुकिंग क्लार्क आणि डोअरकीपर चौकापलीकडे लागले, ऑपरेटरही तिकडेच. मला मात्र त्या टॉकीजने घेतलं नाही. त्यांच्या मॅनेजरला मी धीर दिला होता ना! शेवटी भाचेसाहेबांनी मला दुकानात फडकं मारायला ठेवलं. मालकांनी शब्द टाकला म्हणून. जिथे स्टॉलची शेवटची रांग होती तिथे आता सोफे होते. पंखा तेवढा तोच.

सासरे माझा डबा घेऊन यायचे. एके दुपारी ते पंख्याखालच्या सोफ्यावर टेकले आणि सवयीने झोपले. मी त्यांना उठवायला धावलो, तेवढ्यात एक नवरा-बायको थबकले. "बघ, किती शांत झोपलेत," बाई म्हणाल्या, "हाच घेऊ या!" सोफा सासऱ्यांखालूनच विकला गेला. दुसऱ्या दिवशी दुसरा सोफा, तोही गेला!

भाचेसाहेब हुशार माणूस. त्यांनी सासऱ्यांना नोकरीवरच ठेवलं. काम काय? झोपायचं!

आणि तिथेच घोडं अडलं. सासऱ्यांनी गणवेश चढवला, सोफ्यावर बसले आणि टक्क जागे! एक तास, दोन तास, डोळ्यांत तेल घालून दाराकडे पाहतायत!

"काका, झोपा ना!" भाचेसाहेब काकुळतीला आले.

"ड्युटीवर?" सासरे ताडकन उभे राहिले. "उभ्या जन्मात झोपलो नाही मी ड्युटीवर!"

दूध झालं, उशी झाली, अंगाईसुद्धा झाली. भाचेसाहेबांनी स्वतः म्हटली! काही उपयोग नाही. दुकानात गिऱ्हाईक उभं आणि सासरे त्याला सलाम ठोकतायत. माझा जीव तिळतिळ तुटत होता, कारण ते गेले असते तर मागोमाग मीही गेलो असतो. त्यांचं मन रमवावं म्हणून मी शेजारी टेकलो आणि सहज म्हणालो, "बाबा, गंमत बघा. नामांकन मिळालेल्या चित्रपटांचा गेल्या काही वर्षांतला गल्ला घेतला ना, तर..."

घुर्रर्र!

भाचेसाहेब माझ्याकडे बघतच राहिले. मग त्यांनी माझ्या हातातलं फडकं काढून घेतलं.

तेव्हापासून माझं काम बदललंय. बढतीच म्हणा ना! रोज दुकान उघडलं की मी गणवेश घालून सासऱ्यांशेजारी बसतो आणि नामांकित चित्रपटांची कमाई पहिल्या वर्षापासून सांगायला घेतो. माझ्या अभ्यासाचं अखेर चीज झालं, हे कोणीही मान्य करील. फक्त दुसऱ्या वर्षापर्यंत पोचायची पाळी अजून एकदाही आलेली नाही!