शब्बीरभाईंनी दुरुस्त केलेला खेळ

छापलेल्या सूचना शब्बीरभाई कधीच जशाच्या तशा ठेवत नाहीत. शर्टाच्या खिशात लाल पेन कायम असतो. आमच्या घरी नवा मिक्सर आला, तेव्हा त्याचं माहितीपत्रक त्यांनी मागून नेलं आणि दोन दिवसांनी लाल खुणांनी भरून परत केलं. मी शाळेत शिक्षक, पण एवढी लाल मीही कुणाची वही केलेली नाही. ‘ओल्या हाताने बटण दाबू नये’ याच्यापुढे लिहिलं होतं, ‘कोरड्या हातानंही जपून.’

“कंपनीले काय समजते!” हे त्यांचं पालुपद. पुसदमध्ये शेतातल्या पंपांच्या जळालेल्या मोटारी ते पुन्हा तार गुंडाळून चालू करतात. त्यामुळे कंपनी म्हणजे चुका करणारी आणि आपण त्या निस्तरणारे, एवढीच जगाची वाटणी त्यांना ठाऊक.

अशा माणसाच्या हातात माझ्या मुलीनं पुण्याहून आणलेला खेळ पडला. प्रत्येकानं एकेक वीर व्हायचं, एकानं गोष्ट पुढे न्यायची आणि तलवार लागली की हुकली हे फाशांनी ठरवायचं. मुलगी परत गेली, खोका राहिला. रविवारी दुपारी शब्बीरभाईंच्या बंद दुकानात आम्ही तिघं बसू लागलो. गोष्ट सांगायचं काम एसटीचे कंडक्टर राठोड यांच्याकडे. नियमांचं पुस्तक ते तिकीट तपासावं तसं वाचतात.

आग ओकणारा ड्रॅगन आला, तेव्हा मला वाटलं, आता लाल पेन निघणार. पण “आतून शॉर्ट झाला असंल,” म्हणत शब्बीरभाईंनी त्याला लगेच मान्यता दिली. पेन निघाला तो भलत्याच ओळीवर. जखमी वीर रात्रभर झोपला की पूर्ण बरा होतो, असं पुस्तकात होतं.

“काहून? जळालेली मोटार रातभर कोपऱ्यात ठेवली तं सकाळी पाणी फेकते का?”

ओळ खोडली गेली आणि समासात नवा नियम आला. दुसरा वीर आपला डाव सोडून जवळ येऊन बसेल, तेव्हाच जखमी वीर बरा होईल.

राठोड भडकले. “समोर ड्रॅगन उभा हाय, अन् हे सर तुमच्या भेटीले येतीन? पुस्तकानं खेळाचं असंल तं मी गोष्ट सांगतो. नाही तं हा मी चाललो.”

“जा. नियम नाही हटत.”

खेळ तिथंच मोडायची वेळ आली. दोघंही माझ्याकडे पाहू लागले. खरं सांगायचं तर मी राठोडांच्या बाजूचा होतो. तरी विचारलं, “शब्बीरभाई, हे तुमच्या डोक्यात आलं कुठून?”

ते पेनाचं टोपण लावत बसले. “मागच्या साली पाय मोडला, तवा यवतमाळले दवाखान्यात बावीस दिवस होतो ना. चार वाजता भेटाची वेळ. मी रोज साडेतीनले दाढी करून, टोपी घालून तय्यार बसत होतो.”

त्यांची बायको वारलेली, मुलगी तेव्हा नांदेडला बाळंतीण. मी त्यांच्या समोरच्याच घरात राहतो. मी मोबाइलवर गुलाबाचं चित्र पाठवलं होतं, ‘लवकर बरे व्हा’. राठोडांची ड्यूटी तर पुसद-यवतमाळ गाडीवरच असते. मला माझी लाज वाटली, आणि राठोडांकडे बघायचं धाडस होईना.

शब्बीरभाईंचा वीर घाव खाऊन पडलेला होता आणि डाव माझा होता. मी फासे खाली ठेवले. “माझा डाव सोडला. मी यांच्यापाशी बसतो.” नुसतं बोलून भागेना, म्हणून स्टूल उचललं आणि खरोखरच त्यांच्या शेजारी जाऊन बसलो.

राठोडांनी पुस्तक मिटलं. वहीत शब्बीरभाईंच्या वीरापुढे तब्येतीचे दोन गुण वाढवले. मग स्वतःची खुर्चीही ओढून आमच्या बाजूला आणली.

“दोन कायचे?” शब्बीरभाई म्हणाले. आवाज नेहमीसारखाच चढा, डोळे मात्र भरलेले. “चार लिही. दोघं आले ना.”