बंडूअण्णांनी उतरवलेल्या वराती

आमच्या गल्लीतले बंडूअण्णा अनोळखी लोकांच्या लग्नाच्या वराती डाउनलोड करतात. नवरा-नवरी कोण, गाव कुठलं, काही देणंघेणं नाही. जुन्या वरातीचा व्हिडिओ दिसला की अण्णांनी तो घेतलाच.

मोटर रिवाइंडिंगचं दुकान मुलाकडं सोपवून अण्णा आता घरीच असतात. डाउनलोडला त्यांचा शब्द ‘उतरवणं’. भेटेल त्याला एकच प्रश्न, “गाणं उतरवलंय, का नुस्तंच ऐकताय?” नुसतं ऐकणारा माणूस त्यांच्या लेखी बेजबाबदार.

एकदा मी त्यांना माझ्या मोबाइलवरचं ॲप दाखवलं. “लाखो गाणी आहेत, अण्णा. उतरवायचं कशाला? पाहिजे तेव्हा लावायचं.”

“पन्हाळ्याच्या घाटात रेंज जाती, तवा?”

“पाच मिनिटं थांबायचं.”

“आन् कुणी काढूनच टाकलं तर?”

“कोण काढतंय?”

मी उघड्या वायरीला हात लावल्यासारखं अण्णांनी माझ्याकडं बघितलं.

त्यांचे पेन ड्राइव्ह गोळ्यांच्या रिकाम्या डब्यांत असतात. डब्यांवर चिठ्ठ्या : ‘भजनं’, ‘जुनी’, आणि मग ‘वराती’चे नऊ डबे. सकाळी हेडफोन लावून, डोळे मिटून ते वराती ऐकतात. डीजे लागला की शिव्या घालतात. पण शेवटापर्यंत ऐकतात. या माणसाला वरातीत काय सापडतं, हे मला कळेना. शेवटी विचारलंच.

अण्णांनी हेडफोन काढला. “थोरला भाऊ माझा. बँडात क्लॅरिनेट वाजवायचा. कुणीतरी त्येनं वाजवलेली गडमुडशिंगीची एक वरात नेटवर टाकलेली. त्यो गेल्यावर मी रोज ऐकायचो. कवाबी ऐकता येतंय की, म्हणून उतरवलं न्हाय. एक दिवस बघतोय, तर काय न्हाय तिथं.”

“टाकणाऱ्याला विचारायचं ना.”

“त्येचं खातंच बंद. पर थोरल्यानं शेकड्यानं वराती वाजवल्या, मास्तर. कुठंतरी असंल की.”

गेल्या रविवारी अण्णांनी खिडकीतून हाळी दिली. गेलो, तर त्यांनी माझ्याच कानांवर हेडफोन बसवला. कोडोलीची वरात. ढोल, फटाके, कुणाचातरी आरडाओरडा, आणि या सगळ्यामागून क्लॅरिनेट. अर्ध्या मिनिटात तीही बुडाली.

“ऐकलं? लांबडा सूर धरला की शेवटाला जरा खाली घसरायचा त्यो. आमचा बाप लई बोलायचा त्येला त्यावरनं.”

मला त्यातलं काही कळलं नव्हतं. “तेच आहेत, अण्णा?”

“त्योच हाय.”

अण्णांनी डोळे पुसले नाहीत. चार पेन ड्राइव्ह काढले आणि चारींवर ती वरात उतरवली. तीन आपल्या डब्यांत ठेवले. चौथा माझ्या हातात देऊन माझी मूठ मिटली.

“तुमच्याकडं बी एक असू द्या. माझ्या माघारी ह्यो घसरलेला सूर कुणाचा, ते ठाऊक असलेलं कुणीतरी पायजे की.”